डोंगरावरचा ओझोन नेमका कुणाचा?

'ओझोनवर संशोधन करते' म्हटलं की समोरून हमखास येतं, "म्हणजे ते भोक ना?" नाही हो. तो ओझोन वीस-पंचवीस किलोमीटर वर असतो आणि आपलं रक्षण करतो. मी लिहितेय ते आपल्या नाकासमोरच्या ओझोनबद्दल. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड, पेट्रोल-रंगांच्या वाफा आणि कडक ऊन एकत्र आले की तो तयार होतो. छातीला वाईट, गव्हासारख्या पिकालाही वाईट.

गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकात हाच वायू औषध समजला जायचा. बाझेलच्या शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने 1839 मध्ये विजेच्या प्रयोगात त्याचा वास ओळखला आणि पुढच्या वर्षी त्याला नाव दिलं. मग त्याने स्टार्च आणि पोटॅशियम आयोडाइड लावलेली कागदाची पट्टी काढली. पट्टी जितकी गडद, तितका ओझोन जास्त. युरोपभर डॉक्टर मंडळी या पट्ट्या टांगू लागली. डोंगरावरची, समुद्रावरची हवा 'ओझोनयुक्त' म्हणून आरोग्यदायी, ही समजूत तेव्हाची. आपल्याकडे महाबळेश्वर आणि माथेरान (हे 1850 चं) याच काळात वसली. तिथल्या थंड हवेचा लौकिक मात्र ओझोनमुळे झालेला नाही, तो उकाड्याला कंटाळलेल्या साहेबांमुळे.

फ्रान्समध्ये पिक द्यू मिदी या 2877 मीटर उंच शिखरावर 1870 च्या दशकापासून अशी मोजमापं झाली. शंभरेक वर्षांनी त्या वह्या उघडून संशोधकांनी अंदाज काढला की तेव्हा तिथे ओझोन साधारण 10 पीपीबी होता (पीपीबी म्हणजे अब्ज भागांत एक भाग), म्हणजे आजच्या मानाने खूपच कमी. पण पट्टीचा रंग हवेतल्या ओलाव्याने आणि वाऱ्याच्या वेगानेही बदलतो, त्यामुळे हा आकडा जपूनच वापरायला हवा. मी तरी तो आधार म्हणून घेणार नाही.

त्याच 1840 मध्ये फूर्ने या फ्रेंच अभ्यासकाने डोंगरातल्या वाऱ्यांचं वेळापत्रक मांडलं. दिवसा उतार तापतो, हवा हलकी होऊन दरीतून वर चढते. रात्री उतार थंड होतो, जड हवा खाली घसरते आणि शिखरावर तिची जागा वरची हवा घेते. शाळेत आपण दरी वारे आणि पर्वतीय वारे शिकलो, तेच हे. ओझोन आणि हे वारे एकाच वर्षी कागदावर आले, पण दोघांची गाठ पडायला शंभराहून जास्त वर्षं लागली. कारण ओझोन हे प्रदूषण आहे हेच 1950 च्या सुमारास कळलं, हागेन-स्मिट यांनी लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा उलगडा केला तेव्हा.

आपल्याकडे चिपळूणकरांनी 1930 च्या दशकात मुंबईत ओझोन मोजला होता. पण तो डॉब्सनच्या उपकरणाने, जमिनीपासून आकाशापर्यंतचा सगळा मिळून. डोंगरमाथ्यावरच्या हवेचा प्रश्न वेगळा. तो हाताळला अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने, माउंट अबूच्या गुरुशिखरावर (1680 मीटर), 1993 ते 2000 या काळात.

शहरात दुपारी ओझोन चढतो आणि रात्री गाड्यांचा ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. आलेखात रोज एक डोंगर, एक दरी. अबूला तसं दिसलं नाही. चढउतार मंद, आणि रात्री ओझोन कोसळत नाही, कारण तिथे त्याला खाणारं फारसं कुणी नाही. शिवाय रात्री खाली येणारी हवा आधीच ओझोनने भरलेली असते. नैनितालच्या मनोरा शिखरावरही दुपारचा शहरी चढ सापडला नाही, तरी मे महिन्याची सरासरी 67 पीपीबीच्या आसपास निघाली. आपलं आठ तासांचं मानक 100 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे साधारण 50 पीपीबी आहे. शहरातल्या माणसाला निदान रात्री सुट्टी मिळते, डोंगरावरच्याला तीही नाही.

म्हणून डोंगरावरचा नुसता आकडा अर्धाच असतो. दुपारी दोनला मोजलेले 50 पीपीबी दरीतल्या गावाचे असू शकतात, पहाटे तीनला मोजलेले तेवढेच दूरच्या कुठल्या तरी प्रदेशाचे. हवाईच्या मौना लोआवर म्हणूनच वाऱ्याची दिशा पाहून नोंदी वेगळ्या करतात. रात्री उतारावरून खाली येणारी हवा ती मोकळ्या वातावरणाची, दिवसा वर चढणारी बेटाची. हे न करता 'डोंगरावरची हवा स्वच्छ' किंवा 'डोंगरही प्रदूषित' असं म्हणणं मला घाईचं वाटतं.

आता आपलं बघा. वसईत दुपारी खारे वारे सुटतात आणि पूर्वेकडे वाहतात. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर त्याच वेळी दरी वारे वर चढत असतात. दोन्ही एकाच दिशेने ढकलतात. मुंबई-अहमदाबाद हायवेवरचा धूर निघाल्या निघाल्या ओझोन वाढवत नाही, उलट तिथल्या तिथे कमी करतो. ओझोन वाढतो तो पुढे, दोन-चार तास ऊन खाऊन झाल्यावर, आणि तोवर ती हवा घाटाच्या पायथ्याशी पोचलेली असू शकते. पावसाळ्यात समुद्रावरून स्वच्छ हवा येते, ऊनही कमी, तेव्हा हा प्रकार जवळजवळ थांबतो. हिवाळ्यात रात्री मतलई वारे उलटे, समुद्राकडे वाहतात, आणि दुपारी खारे वारे त्यातली काही हवा परत आणतात. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी आहे, पण दस्तुरी नाक्यावर वारा थोडाच अडवता येतो?