डोक्यावरच्या विटा

'दीवार' म्हटलं की लोकांना काय आठवतं? पुलाखाली समोरासमोर आलेले दोन भाऊ आणि शशी कपूरचं ते उत्तर. एकीकडे बंगला, गाडी, पैसा, दुसरीकडे आई. १९७५ च्या या सिनेमाची ओळख त्या एका वाक्याशी इतकी घट्ट झाली, की नवरा परागंदा झाल्यावर मुंबईत बांधकामावर विटा वाहणारी सुमित्रा मागेच राहिली. आई म्हणजे जणू भावांच्या वाटणीतली इस्टेट!

जरा मागे जाऊया. १९५७ च्या 'मदर इंडिया'त दोन्ही हात गमावलेला शामू शरमेने घर सोडतो. 'दीवार'मधला कामगार पुढारी आनंदबाबू बायकामुलांच्या जिवासाठी मालकांच्या कागदावर सही करतो आणि नामुष्कीने निघून जातो. दोन्हीकडे शेवटी आई पोटच्या पोरापेक्षा न्याय मोठा मानते. राधा तर स्वतः गोळी झाडते. अशा आईला आपण देव्हाऱ्यात बसवलं. पण तिथे बसायची एक अट होती. एकटेपण तिने स्वतः निवडलेलं नसावं.

आणि निवडलं तर? १९७९ च्या 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर'मध्ये जोआना घर सोडते. कॅमेरा मात्र बापलेकाजवळ घरीच थांबतो, म्हणून आपणही नकळत बापाच्या बाजूचे होतो. ती कोर्टात मुलाचा ताबा जिंकते, तरी त्याला वडिलांकडेच ठेवते. नवरा-बायको पुन्हा एकत्र येत नाहीत. १९९५ मध्ये तीच गोष्ट 'अकेले हम अकेले तुम' होऊन हिंदीत आली, तेव्हा शेवटी आमिर आणि मनीषाचं जमलं. म्हणजे एकट्या पालकाचं घर हे घर नव्हेच, दुरुस्तीला काढलेलं काहीतरी! तो शेवट बघून आमच्याकडे सगळ्यांनी हुश्श केलं. आईने नाही.

आम्हा भावंडांना तिने एकटीनेच वाढवलं. नातेवाईक कौतुकाने तिला 'आमची निरुपा रॉय' म्हणायचे (आत्या, तूसुद्धा!). तिला ते मुळीच आवडत नसे. "ती रडते ते सगळ्यांना दिसतं," ती म्हणायची, "तिला मजुरी किती मिळते ते कुणी विचारत नाही."

मला वाटतं, सिनेमापेक्षा आपल्या बघण्याबद्दलच तिचं हे बोलणं जास्त होतं. त्याग म्हटला की फक्त नमस्कार करून मोकळं होता येतं. कष्ट म्हटले की हिशेब आला, मदत आली, आणि 'तुमचे मिस्टर कुठे असतात?' हा प्रश्न गिळणंही आलं. म्हणून आपल्याला त्याग जास्त आवडतो. असो.

पण खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांना त्या विटा आठवत होत्या?