ऐतिहासिक कादंबरी संशोधकाने कशी वाचावी?

पीएचडीच्या मुलाखतीत ‘इतिहासाची आवड कशी लागली?’ हा प्रश्न हमखास येतो. खरं उत्तर अनेकदा ‘स्वामी’ किंवा ‘पानिपत’ असतं, पण ते सांगायला आपण कचरतो. कचरू नका. फक्त पुढच्या प्रश्नाची तयारी ठेवा: मग कादंबरी आणि इतिहासाचं साधन यांत फरक काय? तीन कादंबऱ्या घेऊन बघूया. तिन्ही जरूर वाचाव्यात अशा आहेत.

१. ‘स्वामी’ (रणजित देसाई, १९६२)

माधवराव १७६१ मध्ये, सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले. रमाबाई सती गेल्या. एवढा भाग इतिहासाचा. त्या दोघांचं एकांतातलं बोलणं मात्र लेखकाचं आहे. त्याची नोंद कुणी ठेवली नव्हती. वाचक शेवटाकडे प्रेमकथेचा शेवट म्हणून पाहतो. संशोधक म्हणून तुम्ही विचारायचं: पेशव्यांच्या घरातल्या विधवेपुढे दुसरा कोणता मार्ग होता? आणि १९६२ च्या मराठी वाचकाला तरुण, कडक, स्वच्छ राज्यकर्ता इतका जवळचा का वाटला? दुसऱ्या प्रश्नासाठी कादंबरी हे थेट साधन आहे, पहिल्यासाठी नाही.

२. ‘पानिपत’ (विश्वास पाटील, १९८८)

१४ जानेवारी १७६१ ची लढाई आणि सदाशिवरावभाऊंना न्याय देण्याची तळमळ, हा या कादंबरीचा गाभा. ती वाचून झाली की काशीराज पंडिताचा वृत्तान्त आणि भाऊसाहेबांची बखर शेजारी ठेवा. काशीराज शुजाउद्दौल्याच्या चाकरीत, म्हणजे समोरच्या छावणीत होता. एकच प्रसंग तिन्हींत शोधा. कोण कुठे उभा राहून बोलतोय, हे कळायला एवढा सराव पुरतो.

३. ‘तुंबाडचे खोत’ (श्री. ना. पेंडसे, १९८७)

आता जरा थांबूया, कारण इथे राजा नाही, लढाई नाही. जगबुडी नदीकाठचं एक खोत घराणं आणि त्याच्या पिढ्या, दोन खंडांत. घराण्याच्या कादंबरीत काळ हा लग्न, वाटण्या, भाऊबंदकी आणि वाड्याच्या पडझडीतून दिसतो. जमाबंदीच्या कागदात हे इतकं जिवंत कधीच सापडत नाही.

पण खोत म्हणजे कोण? सरकारला गावचा सारा भरणारा मध्यस्थ. कुळाकडून तो पिकाचा वाटा घ्यायचा; अर्धेल म्हणजे निम्मं पीक. वर वेठ असायचीच. १८८० च्या खोती कायद्याने या संबंधांना नियमांत बसवलं, मोडलं नाही. १९३३ मध्ये अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप केला आणि जमिनी कसायचं थांबवलं. तो संप काही वर्षं चालला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने संपली ती १९४९ मध्ये.

ही यादी मनात ठेवून कादंबरी पुन्हा उघडा. खोतांच्या वाड्यातली माणसं तुम्हाला नावानिशी आठवतील. त्यांची जमीन कसणाऱ्या किती जणांची नावं आठवतात? हा पेंडशांवरचा आरोप नव्हे. कादंबरी त्यांनी खोतांची लिहिली. पण दप्तरही बहुतेक खोताच्याच हातातून गेलेलं असतं. कादंबरी आणि दप्तर दोन्ही वाड्यातूनच बोलत असतील, तर कूळ शोधायचं कुठे? कबुलायतीत, कोर्टाच्या दाव्यांत, चळवळीच्या पत्रकांत, जुन्या माणसांच्या आठवणींत. संशोधनाचा विषय असा सापडतो.

घरचा अभ्यास

वहीत तीन रकाने करा. पहिल्यात कागदपत्रांनी तपासता येईल असं. दुसऱ्यात लेखकाने कल्पिलेलं. तिसऱ्यात, ज्यांच्याशिवाय ही गोष्ट घडलीच नसती पण जे बोलत नाहीत, अशी माणसं. पहिले दोन रकाने भराभर भरतील. तिसरा भरायला वेळ लागेल. प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा तिथूनच सुरुवात करा.