खोलणे, बांधणे, बदलणे : पांढरकवड्याच्या वाटेवरील जीप-इंजिनांचा इतिहास

मोटारदुरुस्तीच्या धंद्यात इंजिनाबद्दल बोलताना प्रामुख्याने तीन क्रियापदे वापरली जातात : खोलणे, बांधणे आणि बदलणे. खोलणे म्हणजे इंजिनाचे भाग सुटे करून झीज कुठे झाली आहे ते पाहणे. बांधणे म्हणजे झिजलेले भाग काढून त्यांच्या जागी नवे घालून तेच इंजिन पुन्हा उभे करणे. आणि बदलणे म्हणजे जुने इंजिन गाडीतून कायमचे उतरवून त्या जागी दुसरे बसवणे. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या पांढरकवड्यासारख्या महामार्गावरील गावाच्या संदर्भात या तीन क्रियांचे परस्परांतील प्रमाण गेल्या पाऊणशे वर्षांत कसे पालटत गेले हे पाहिले, तर जीपपासून आजच्या एसयूव्हीपर्यंतच्या गाड्यांचा, त्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या ज्ञानाचा आणि त्या ज्ञानामागील अर्थकारणाचा इतिहास एकत्रच हाती लागतो.

पांढरकवड्याचे स्थान या इतिहासाला कारणीभूत आहे. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, पुढे वणी जिल्हा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलखाला १९०५ मध्ये यवतमाळ जिल्हा हे नाव मिळाले, आणि कापसासाठी या प्रदेशात रेल्वेचे फाटेही आले. परंतु मूर्तिजापूरहून येणारी अरुंद मापाची गाडी यवतमाळलाच थांबली आणि माजरी–आदिलाबाद मार्गही वणी, मुकुटबन, पिंपळखुटी असा बाजूने गेला. त्यामुळे पांढरकवड्याची भिस्त नागपूर–हैदराबाद रस्त्यावर राहिली. वाराणसीहून कन्याकुमारीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ७ चा हा भाग २०१० च्या नव्या क्रमांकनात श्रीनगर–कन्याकुमारी महामार्ग ४४ मध्ये समाविष्ट झाला. पांढरकवड्यापासून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर उत्तरेला, तर आदिलाबाद पैनगंगेपलीकडे. अशा मधल्या टापूत गाडीचे इंजिन बंद पडले की ती मोठ्या शहरात ओढत नेण्याचा खर्च आणि जागेवर दुरुस्त करण्याचा खर्च यांची तुलना करणे गाडीमालकाला भागच पडते, आणि महामार्गावरच्या गावांतील गॅरेजचा धंदा याच तुलनेवर उभा राहतो.

जीप हे वाहन भारतीय खेड्यांत आले ते मुख्यतः सरकारी कामाच्या निमित्ताने. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमाने जीप विकासखंडाच्या कचेरीपर्यंत पोहोचवली. आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्यावर ती तालुक्याच्या दारातली नित्याची वस्तू झाली. सरकारी वाहनाचे आयुष्य संपले की त्याचे निर्लेखन होते, म्हणजे ते वापरातील मालमत्तेच्या यादीतून रीतसर कमी केले जाते आणि मग लिलावात विकले जाते. ग्रामीण भागात जुनी जीप खाजगी हाती येण्याचा हा एक प्रमुख मार्ग होता, आणि लिलावात घेतलेल्या जीपचा नवा मालक पहिला खर्च बहुधा इंजिनावरच करी.

त्या जीपचे इंजिन खोलणे आणि बांधणे तुलनेने सोपे होते. विलीजच्या २,१९९ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी पेट्रोल इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये आणि बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्ये असे; इंधन आणि हवा यांच्या मिश्रणावरील दाब बेताचा, साधारण एकास सात या प्रमाणात असे; आणि बॅटरी उतरली तरी समोरून हँडल मारून इंजिन सुरू करता येई. सिलिंडरची भोके घासून अंडाकृती झाली की ती खरादीवाल्याकडे नेऊन थोडी मोठी कोरून घेत, ज्याला रीबोअर म्हणतात, आणि त्या मापाचे जाड पिस्टन व रिंगा घालून इंजिन पुन्हा बांधीत. या काळात इंजिन बदलणे ही कल्पना खाजगी मालकाच्या हिशेबात बसणारी नव्हती, कारण एक इंजिन बांधायला जितका खर्च येई त्याहून दुसरे मिळवण्याला अधिक लागे.

बदलण्याची कला या धंद्यात शिरली ती नादुरुस्तीमुळे नव्हे, तर इंधनाच्या दरामुळे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महाग झाले आणि पुढे कित्येक दशके सरकारी दरनियंत्रणामुळे डिझेल त्याहून बरेच स्वस्त राहिले; पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. या दीर्घ काळात चांगल्या स्थितीतील पेट्रोल इंजिन उतरवून जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याचा उद्योग देशभर चालला. त्यासाठी इंजिनाचे पाये, गिअरबॉक्सशी जुळणारी प्लेट, रेडिएटरची जागा आणि सायलेन्सरची वाट हे सर्व मिस्त्रीला स्वतः मोजून बनवावे लागे, आणि नेमके हेच कसब पुढे निकामी इंजिनाच्या जागी दुसरे बसवताना उपयोगी पडले.

या स्थित्यंतराला शेतीचाही हातभार लागला. महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहकार्यातून १९६० च्या दशकात बी-२७५ हा ट्रॅक्टर भारतात बनू लागला, आणि त्याच्या डिझेल इंजिनाची वंशावळ पुढे जीपमध्ये उतरली. महिंद्रच्या जुन्या बोलेरोच्या २,५२३ घनसेंटिमीटरच्या डीआय इंजिनाचा सिलिंडर साडेतीन इंच व्यासाचा आणि पिस्टनची धाव चार इंचांची आहे. मेट्रिक मापांच्या देशात इंचांत नेमकी बसणारी ही मापे त्या ट्रॅक्टरी वंशाची खूण आहेत. दुसरीकडे फ्रान्सच्या पूजो कंपनीचे एक्सडीपी ४.९० हे इंजिनही महिंद्रने परवान्याखाली बनवले. त्याच्या नावातील चार म्हणजे सिलिंडर आणि नव्वद म्हणजे प्रत्येकाचा मिलिमीटरमधील व्यास. अशा इंजिनांत लायनर, म्हणजे सिलिंडरच्या भोकात बसणारी बदलता येणारी नळी, असल्याने ब्लॉक न कोरता लायनर-पिस्टनचा संच घालून इंजिन नवे करता येई. कापसाच्या तालुक्यात ट्रॅक्टरवर हात बसलेल्या माणसाला अशा जीपचे इंजिन परके वाटण्याचे कारण नव्हते.

सुटे इंजिन हाताशी ठेवून गाडी लवकर मोकळी करण्याची पद्धत मात्र संस्थेच्या पातळीवर आधीच रूढ होती. मध्य प्रांतातील सरकारी बससेवा पुढे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली, आणि महामंडळात आगारात बिघडलेले इंजिन उतरवून विभागीय कार्यशाळेत दुरुस्त झालेले दुसरे चढवण्याची रीत चालली. कारण बस उभी राहिल्याचा तोटा इंजिनाच्या खर्चाहून मोठा होतो. १९९० च्या दशकात कमांडर, ट्रॅक्स आणि १९९४ मध्ये आलेली सुमो या गाड्या विदर्भाच्या रस्त्यांवर काळी-पिवळी म्हणून प्रवासी वाहू लागल्या, तेव्हा खाजगी मालकालाही प्रथमच हाच हिशेब लागू झाला. कर्जाचा हप्ता दर महिन्याला येत असल्याने गाडी पंधरा दिवस गॅरेजमध्ये उभी ठेवून इंजिन बांधण्यापेक्षा तयार इंजिन आणून चार दिवसांत बसवणे स्वस्त पडू लागले.

तथापि बदलण्याच्या निर्णयाआधी इंजिन खरोखर गेले आहे काय हे ठरवावे लागते, आणि मिस्त्रीची खरी पारख या टप्प्यावर होते. पारंपरिक तपासणी इंद्रियांवर आधारलेली आहे. निळसर धूर म्हणजे रिंगांमधून वा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त पडते आहे वा हवा कमी आहे, आणि तो दोष नोझलचा, पंपाचा किंवा फिल्टरचा असू शकतो. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत गेले तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड व ब्लॉक यांच्यामधील सांधापट्टी, फुटल्याचा संशय येतो. ऑइल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी शिरले आहे. ऑइल फिल्टर कापल्यावर चकाकणारा चुरा दिसला तर बेअरिंग झिजले आहे. चालत्या इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर धूर जोराने बाहेर आला तर पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधून दाब गळतो आहे. स्टार्टर फिरत नसेल तर क्रँकच्या पुलीवर पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहतात. ते तरीही हलले नाही तर ते जाम झाले असे मानतात, परंतु पावसाळ्यात गाडी पाण्यातून नेली असल्यास सिलिंडरमध्ये पाणी ओढले गेल्यानेही ते अडकते, आणि नोझल काढून पाणी बाहेर पडू दिल्यास इंजिन वाचण्याची शक्यता उरते. शेवटी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन दाबमापकाने मोजून एकच सिलिंडर कमजोर आहे की सर्व, यावरून खोलायचे की बदलायचे हे ठरते.

जुन्या गाडीच्या खरेदीत ही पारख आणखी कठीण होते, कारण विकणाऱ्याने घट्ट ऑइल भरून ठोका दाबलेला असू शकतो आणि मीटरवरील किलोमीटरचा आकडा विश्वासार्ह असेलच असे नाही. विदर्भाचा उन्हाळा, जेव्हा पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, आणि चौपदरी झाल्यापासून महामार्गावर तासन्‌तास टिकणारा वेग, या दोहोंमुळे अशी झाकलेली दुखणी लांबच्या पहिल्याच प्रवासात उघडी पडतात. गळका रेडिएटर गावातल्या गावात महिने काढतो, पण महामार्गावर तोच हेड वाकवतो.

२००२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ आणि त्या दशकात पसरलेली कॉमन रेल पद्धत यांनी या ज्ञानाला पहिला मोठा धक्का दिला. कॉमन रेल म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून १,००० बारहून अधिक दाबाने डिझेल पुरवणारी आणि ते किती, केव्हा सोडायचे हे संगणकाकडून ठरवणारी रचना. १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ या प्रदूषणमानकांनी सेन्सरांची संख्या वाढवली, आणि गॅरेजमध्ये पाना-हातोड्याशेजारी स्कॅनर आला. स्कॅनर बिघाडाचा कोड दाखवतो, पण तो कोड सेन्सरला काय जाणवले एवढेच सांगतो. रेलमधील दाब कमी असल्याचा कोड पंपामुळे आला, इंजेक्टरमुळे की डिझेलच्या टाकीतल्या कचऱ्यामुळे, हे शोधण्यासाठी जुनीच रीत पुढे न्यावी लागते. नोझलचा दोष इंजिनाचा समजून चांगले इंजिन उतरवले जाण्याचा धोका त्यामुळे कमी न होता वाढला आहे.

इंजिन उतरवण्याची कृतीही बदलली. जीप, सुमो किंवा बोलेरो यांची बॉडी स्वतंत्र चेसिसवर बसते आणि इंजिन त्या चेसिसवर उभे असते, म्हणून रेडिएटर, पाइप, वायरी व गिअरबॉक्सचे नट सोडवले की ते साखळी-कप्पीला टांगून वर काढता येते. ज्या नव्या गाड्यांत बॉडी हीच चेसिस असते, त्यांचे इंजिन बहुधा खालच्या चौकटीसह खाली सोडावे लागते. दुसरे इंजिन आणताना धंद्यात हाफ इंजिन आणि फुल इंजिन असा भेद करतात. पहिल्यात ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन येतात, तर दुसऱ्यात हेड, पंप, टर्बो यांसह सर्व जोडण्या. जुन्या डीआय इंजिनांच्या बाबतीत पाये जुळले की काम झाले. आता मात्र इंजेक्टरांचे कोड संगणकात भरावे लागतात आणि सेन्सरांची जुळणी तपासावी लागते. टिपेश्वर अभयारण्याच्या सफारीसारख्या कामात दिसणाऱ्या जिप्सीचे १,२९८ घनसेंटिमीटरचे इंजिन एस्टीमच्या इंजिनाच्या कुळातले होते, त्यामुळे सुट्या भागांचे नाते सहज जुळे. आजच्या इंजिनांत असे नाते एकाच मॉडेलच्या दोन वर्षांतही तुटलेले आढळते.

कायद्याने या व्यवहाराकडे नेहमीच ओळखीचा प्रश्न म्हणून पाहिले आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक असे दोन्ही लिहिलेले असतात, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार पूर्वपरवानगीशिवाय इंजिन बदलले गेले असल्यास मालकाने चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला ते कळवावे लागते. ही तरतूद कागदी वाटली तरी तिच्यामागे चोरीच्या गाड्यांची इंजिने बाजारात येण्याचा जुना अनुभव आहे; म्हणूनच भंगारातून घेतलेल्या इंजिनाची पावती आणि ज्या गाडीतून ते आले तिचे कागद जपणे हे बसवण्याइतकेच महत्त्वाचे काम ठरते. १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाने नोंदणीकृत मोडणी केंद्रांची व्यवस्था आणली, त्यामुळे या सुट्या इंजिनांच्या पुरवठ्याचा उगम हळूहळू कागदावर येऊ लागला आहे.

या सर्व घडामोडींत एक सूत्र दिसते. जोपर्यंत इंजिने एकमेकांची नातेवाईक होती, तोपर्यंत ती खोलणे आणि बांधणे ही तालुक्याच्या गावातली कला होती, आणि बदलणे हा अपवाद होता. नाते तुटत गेले तसा अपवाद नियम झाला आणि कलेचा भार हातावरून निदानावर सरकला. जुने इंजिन चुकीने खोलले तर काही दिवसांची मजुरी आणि गॅस्केटचा एक संच वाया जाई; आता चुकीच्या निदानाने चांगले इंजिन उतरवले तर गाडीच्या उरलेल्या किमतीइतका खर्च होऊ शकतो, आणि नोंदणी प्रमाणपत्रावरील इंजिन क्रमांक बदलल्यानंतर मूळचा बिघाड तसाच राहतो.