नामांतरित फाईल आणि तिचा पूर्वेतिहास : आवृत्ती-नियंत्रण प्रणालींतील एका प्रश्नाचा मागोवा

संगणकीय आज्ञावलीतील कोणती ओळ कोणी व केव्हा बदलली याची नोंद ठेवणाऱ्या साधनास आवृत्ती-नियंत्रण प्रणाली म्हणतात. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हे एक दफ्तरच होय. फाईलचे नाव बदलल्यावर तिचा पूर्वेतिहास कोठे जातो, या एकाच प्रश्नाचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत एससीसीएस ही प्रणाली रचली. तीत आणि पुढे आरसीएसमध्ये प्रत्येक फाईलचा इतिहास स्वतंत्र असे. १९८६ च्या सीव्हीएसने हाच साचा पत्करला. परिणामी, नामांतरासाठी जुनी फाईल काढून तीच नव्या नावाने दाखल करावी लागे. नव्या नावाचा इतिहास त्या दिवसापासून सुरू होई व मूळ लेखकांचे श्रेय जुन्या नावाखाली पडून राही. काही जण भांडारातील इतिहास-फाईलच नव्या नावाने सरकवीत. त्यामुळे इतिहास सलग राही. परंतु जुनी आवृत्ती काढल्यास तीतही नवेच नाव दिसे. दस्तऐवजात मागाहून केलेल्या फेरफारास आपण जे म्हणतो, तेच यासही म्हटले पाहिजे.

सबव्हर्जनच्या पहिल्या पूर्ण आवृत्तीने (२००४) नामांतराची नोंद 'पूर्वजाच्या उल्लेखासह नक्कल व मूळ नाव रद्द' अशी ठेवली. लिनक्सच्या विकासकांना बिटकीपरचा विनामूल्य वापर बंद झाल्यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट रचले, आणि त्यात नामांतराची नोंद हेतुपुरस्सर ठेवली नाही. मजकूर केवळ फाईलसह हलत नाही, त्याचे तुकडेही एका फाईलमधून दुसरीत जातात. मग नावाचीच नोंद कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. गिट दोन अवस्थांतील मजकूर ताडून पाहते आणि सर्वसाधारणपणे ५० टक्के साम्य आढळल्यास नामांतराचे अनुमान करते. त्याच महिन्यात अवतरलेल्या मर्क्युरियलने मात्र नोंदीचाच मार्ग धरला.

आपल्या परिभाषेत सांगायचे तर मर्क्युरियलची नोंद ही समकालीन साक्ष, तर गिटचे अनुमान हा अंतर्गत पुरावा. साक्षीदार नोंद करण्यास विसरला तर साक्षच उरत नाही. अनुमान मात्र साम्याची मर्यादा बदलून पुन्हा करता येते. म्हणून गिटची भूमिका मला अधिक ग्राह्य वाटते. तथापि नामांतर व पुनर्लेखन एकाच नोंदीत केल्यास साम्य मर्यादेखाली जाते आणि सीव्हीएसच्या काळातील तुटलेपण परत येते. शिवाय एखाद्या फाईलचा इतिहास नामांतरापलीकडे पाहण्यासाठी गिटला 'फॉलो' हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो, आणि तोही एका वेळी एकाच फाईलपुरता चालतो. त्यामुळे नामांतर एका नोंदीत आणि मजकुरातील बदल दुसऱ्या नोंदीत करण्याचा प्रघात जाणकार पाळतात.