‘नॅप’ या इंग्रजी शब्दाची अवनती

हलक्या झोपेसाठी इंग्रजीत जे अनेक शब्द आहेत, त्यांत ‘नॅप’ हा आज सर्वांत घरगुती समजला जातो. जेवणानंतरची वामकुक्षी, मुलांची दुपारची झोप, खुर्चीत बसल्याबसल्या लागलेला डोळा, एवढीच त्याची व्याप्ती उरली आहे. सहा शतकांपूर्वी मात्र हाच शब्द ईश्वराविषयी बोलताना योजण्यात संकोच वाटत नसे.

शब्दाचे मूळ प्राचीन इंग्रजीतील ‘ह्नॅपियन’ या क्रियापदात आहे. लॅटिनमध्ये ‘दोर्मिरे’ म्हणजे झोपणे आणि ‘दोर्मितारे’ म्हणजे पेंगणे. यांपैकी दुसऱ्यासाठी प्राचीन स्तोत्रानुवादांत ‘ह्नॅपियन’ आढळते. बायबलातील १२१ व्या स्तोत्रात इस्राएलाच्या रक्षकाला डुलकीही लागत नाही, मग झोप दूरच, असा आशय आहे. १४ व्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या अनुयायांनी सिद्ध केलेल्या भाषांतरात या स्थळी ‘नॅप’च आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारिकांचेही तेच. त्याच सुमारास चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये मद्याच्या अमलाखाली घोड्यावर पेंगणाऱ्या स्वयंपाक्यासाठीही हेच क्रियापद वापरले. तेथील विनोद स्वयंपाक्याचा आहे, शब्दाचा नव्हे. ही गोष्ट चॉसरच्या अभ्यासकांनी विसरू नये.

टिंडलने १५२६ मध्ये कुमारिकांच्या दृष्टांतात आणि कव्हरडेलने १५३५ मध्ये स्तोत्रात ‘नॅप’ काढून ‘स्लंबर’ घातला. १६११ च्या राजमान्य भाषांतराने तोच कायम केला. टिंडल लॅटिनऐवजी मूळ ग्रीकाकडे वळला म्हणून हा पालट झाला, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु ग्रीकातील क्रियापदाचाही अर्थ पेंगणे असाच आहे. मूळ संहितेने हा बदल मागितला नव्हता. बदलली होती ती इंग्रजी. एखाद्यास ‘नॅप’ घेताना पकडणे म्हणजे गाफील गाठणे, हा वाक्प्रचार १६ व्या शतकातच रूढ होता. ज्या शब्दास हलगर्जीपणाचा असा वास लागला, तो जागत्या रक्षकाविषयी, नकारार्थी का होईना, वापरणे अनुवादकांस रुचले नसावे.

‘स्लंबर’लाही या बढतीची किंमत द्यावी लागली. (त्यातील ‘ब’ मागाहून शिरलेला, मध्ययुगीन रूप ‘स्लूमेरेन’.) त्याचाही अर्थ मुळात हलकी झोपच. पण धर्मग्रंथात स्थिरावल्यावर त्याला गांभीर्य चढले आणि कवींनी तो गाढ निद्रेसाठी, पुढे मृत्यूसाठीही सर्रास वापरला. परिणामी १६११ च्या त्या ओळीत आजच्या इंग्रज वाचकास झोपेसाठी दोन समानार्थी शब्द दिसतात, आणि डुलकीकडून झोपेकडे जाणारी पायरी त्याच्या दृष्टीस पडत नाही. मराठी टीपाकाराने दोन्ही ठिकाणी ‘निद्रा’ लिहिल्यास ती आपल्याकडेही नाहीशी होते. ‘पेंगणे’ आणि ‘झोपणे’ हे दोन शब्द जवळ असताना तसे होण्याचे कारण नाही.