माघारीचा हुकूम

1864 चा एप्रिल आहे. तुम्ही नागपुरात, चीफ कमिशनरच्या कचेरीत कारकून आहात. मध्य प्रांत स्थापन होऊन अडीच वर्षंही झालेली नाहीत. आगगाडी नागपुरात पोहोचायला अजून तीन वर्षं आहेत. सीताबर्डीची टेकडी उन्हात भाजून निघतेय, दारावरच्या वाळ्याच्या ताट्यांवर माणूस सारखा पाणी मारतोय, तरी बोरूवरची शाई कागदाला टेकण्याआधीच घट्ट होते.

समोरच्या टपालात सातपुड्यातली बातमी आहे: डोंगराला वणवा लागलाय. बातमी आलीय ती हरकाऱ्याच्या पायांनी. ती वाचतानाच तुमच्या लक्षात येतं, की हा वणवा एव्हाना विझला तरी असेल, नाहीतर चार डोंगर ओलांडून पुढे तरी गेला असेल. उत्तराला लिहिणार काय? विझवा म्हणून लिहिलं, तर ते पत्र पोहोचेपर्यंत तिथं राख असेल. कचेरीतल्या जुन्या माणसांना याचं नवल नाही. जंगल दर उन्हाळ्यात जळतं, पावसाळ्यात उगवतं, त्यात सरकारनं काय करायचं, असं त्यांचं म्हणणं.

एक माणूस मात्र हे मानायला तयार नाही. प्रांताचा पहिला वनसंरक्षक, जी. एफ. पिअर्सन. तो लष्करातून आलाय आणि सातपुड्यातलं बोरीचं साग-जंगल वणव्यापासून राखून दाखवतो म्हणतोय. तुम्ही त्याच्या मागोमाग बोरीला जा. तिथं आग विझवण्याची धावपळ तुम्हाला दिसणार नाही, कारण खरं काम उन्हाळ्याआधीच उरकलंय. जंगलाभोवतीच्या पट्ट्यातलं गवत कापलंय, थंडीच्या दिवसांत राखणीला माणसं उभी करून ते जाळून टाकलंय. बाहेरून आलेली आग त्या काळ्या पट्ट्यापाशी येते आणि खायला काही नाही म्हणून थांबते. आज वनखातं यालाच जाळरेषा म्हणतं, आणि आजही ती अशीच राखली जाते.

पट्ट्यावर उभे आहेत ते गोंड आणि कोरकू. डोंगरउतारावर झाडोरा जाळून डहियाची शेती करणारी हीच माणसं. आगीची चाल त्यांच्याइतकी कुणालाच कळत नाही. सरकार त्यांच्या डहियावर बंधनं घालतंय आणि त्यांच्याच हातांनी जंगल राखतंय. तो तिढा तेव्हा सुटला नाही. पण बोरी राखलं गेलं आणि देशातल्या वणवा-संरक्षणाच्या इतिहासात या कामाची नोंद झाली. इथून एवढं बरोबर घ्या: बातमी पायी चालते त्या काळात समन्वय म्हणजे आधीची तयारी, आणि तयारी म्हणजे तिथली माणसं.

आता 1957 मध्ये या. नागपूर तेच, पण आता महत्त्वाच्या दोन संस्था इथं आल्यात. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आदल्या वर्षी उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं होतं, ते या वर्षी नागपुरात हललंय. आणि 29 एप्रिलला इथंच केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था उभी राहिलीय. पुढे तिचं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय होईल. तुम्ही प्रशिक्षणार्थी आहात. देशाच्या कानाकोपऱ्यातले अधिकारी तुमच्या रांगेत उभे आहेत. शिडी, पाइप, पंप, गाडी यांची कवायत चाललीय. हे शिक्षण शहराच्या आगीचं. त्या आगीला पत्ता असतो, दार असतं, जवळपास पाणी असतं. जंगलाच्या आगीला यातलं काहीच नसतं.

त्याच वर्षी अमेरिकेच्या वनखात्यानं आपल्या माणसांसाठी 10 आज्ञा लिहून काढल्या. त्यांच्यामागे मेलेल्या माणसांची यादी होती. 1949 मध्ये मॉन्टानातल्या मान गल्चच्या उतारावर 13 जवान वणव्यात सापडून गेले होते. आज्ञा साध्या आहेत: हवामानाचा अंदाज घेत राहा, आग काय करतेय हे सतत माहीत असू दे, टेहळणीला माणूस ठेवा, निसटायची वाट आधी ठरवा आणि सगळ्यांना सांगा. पुढे 1970 च्या शरदात कॅलिफोर्निया 13 दिवस जळला, 16 जीव गेले. अनेक खाती धावली, पण एकाचा हुकूम दुसऱ्याला कळेना. त्या गोंधळातून घटनास्थळी एकच प्रमुख, एकच भाषा आणि ठरलेली साखळी अशी पद्धत घडली. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं 2010 मध्ये तीच रीत भारताच्या प्रशासनाला जुळवून घेतली. जिल्ह्यात त्या साखळीचा प्रमुख जिल्हाधिकारी.

या सगळ्यातून तयार होऊन तुम्ही पोहोचता तो दिवस आहे गुरुवार, 8 एप्रिल 2021.

नागपूर करोनाच्या दुसऱ्या लाटेत आहे. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं भरलीत, खाटेसाठी नातेवाईक फोनवर फोन करतायत, उद्या रात्रीपासून शनिवार-रविवारची टाळेबंदी आहे. सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय आहे. तिथल्या नकाशावर तुमची नजर आहे. वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीला लागलाय, 15 जूनपर्यंत चालेल. मोह पडतोय. पहाटे फुलं वेचायला येणाऱ्या बाया झाडाखालचा पाला पेटवतात, फुलं नीट दिसावीत म्हणून. एखादा पेटता कोपरा मागे राहतो. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही कुठे कुठे आग लावली जाते. सागाची ताटाएवढी पानं गळून जमिनीवर कुरकुरीत थर झालाय.

दुपारी दीडच्या सुमारास सुओमी एनपीपी उपग्रह डोक्यावरून जातो. त्याचा एक ठिपका 375 मीटर बाजूचा, म्हणजे जमिनीवर सुमारे 14 हेक्टर. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था तो ठिपका बीटच्या, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीच्या, नकाशावर बसवते आणि क्षेत्रातल्या अधिकाऱ्याच्या मोबाइलवर संदेश पाठवते. 1864 मध्ये ज्या बातमीला दिवस लागायचे, ती आता काही तासांत येते. पण त्या ठिपक्यात तुम्हाला उतार दिसत नाही, वाऱ्याची दिशा दिसत नाही, आणि तिथं किती माणसं आहेत हेही दिसत नाही.

नागपूरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, गोंदिया-भंडाऱ्याच्या सीमेवर, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आग लागलीय. मराठी वाचकाला नागझिरा माहीत आहे तो व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकामुळे. आज तुम्ही वेगळ्या नागझिऱ्यात उतरा.

वनरक्षक आहेत, आणि त्यांच्या बरोबरीनं हंगामी वनमजूर. आजूबाजूच्या गावांतले, रोजंदारीवर घेतलेले. अंगात साधा सुती शर्ट, डोक्याला दुपट्टा. एकाच्या हातात ओल्या पानांची डहाळी. ती आपटायची नसते, दाबून ओढायची असते, नाहीतर ठिणग्या उडून मागच्या पाचोळ्यात पडतात. दुसऱ्याच्या हातात पेट्रोलवर चालणारा ब्लोअर. नळीतून सुटणारा वारा पाला उडवतो आणि हातभर रुंद कोरी माती उघडी पडते. आग त्या मातीशी येऊन बसते. ब्लोअरसारखं साधन नाही, एक माणूस दहा जणांचं काम उरकतो. पण तो चालू असला की कानाला दुसरं काही ऐकू येत नाही. मागून कुणी हाक मारली, वायरलेसवर कुणी नाव घेतलं, तरी नाही.

जंगल टेकड्यांचं. उतारावरची आग वर चढते, कारण ज्वाळा वरच्या गवताला शिवण्याआधीच वाळवून ठेवते. माणूस जितक्या वेगानं चढ चढू शकतो, त्याहून ती वेगानं चढते. दुपारभर लढून आग आटोक्यात येत चालली होती. तेवढ्यात वारा उठला. विझत आलेली आग भडकली आणि माणसं वेढली गेली. तीन हंगामी मजूर जागीच गेले. दोघं गंभीर भाजले.

तुम्ही नागपुरात नकाशासमोर उभे आहात आणि नकाशावरचा ठिपका तसाच आहे, ना मोठा झालाय ना लाल. दुसऱ्या दिवशी रात्री, 9 एप्रिलला, नागपूरलगतच्या वाडीत एका कोविड रुग्णालयाला आग लागली आणि तिथंही रुग्ण दगावले. म्हणजे दोन दिवसांत या भागानं दोन्ही प्रकारच्या आगी पाहिल्या, तेही खाटा आणि रुग्णवाहिका आधीच कमी पडत असताना. जिल्ह्याचा समन्वय म्हणतात तो हा. संकटं एकमेकांची वाट पाहत थांबत नाहीत आणि माणसं मात्र तीच, तेवढीच असतात.

नागझिऱ्यात गेलेली माणसं कायम नोकरीत नव्हती. 13 जून 2024 ला उत्तराखंडातल्या बिनसरमध्येही वणवा विझवायला गेलेले चार वनकर्मचारी जागीच गेले. आगीपाशी सगळ्यात पुढे कोण उभं असतं, हे आता कुणाला विचारायची गरज नाही.

आता पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये चला. हा काळ अजून घडायचा आहे, म्हणून इथं तुमच्या हातात काहीतरी आहे.

नागपूरच्या जिल्हा नियंत्रण कक्षात तुम्ही समन्वयक आहात. दुपारी नकाशावर एकदम ठिपके उमटतात: देवलापार, कोंढाळी, हिंगणा, उमरेड. जिल्ह्याचा मदत क्रमांक 1077 वाजतोय, वनखात्याचा 1926 वाजतोय. पेंचमध्ये 2024 पासून उंचावरचा कॅमेरा धूर ओळखून काही मिनिटांत सूचना देतो, तीही आलीय. माहिती भरपूर आहे. माणसं सगळीकडे पुरणार नाहीत. पहिला कठीण निर्णय इथंच आहे: एक आग नाल्यापर्यंत जळू द्यायची. तिथलं पथक वस्तीलगतच्या आगीकडे वळवायचं. मेडिकलला फोन करून भाजलेल्यांसाठी खाटा धरून ठेवायच्या, रुग्णवाहिका आगीजवळच्या गावात आधीच उभी करायची.

मग कोंढाळीच्या वनरक्षकाचा फोन लागतो.

“किती जण आहात, दादा?”

“सोळा, साहेब.”

“सोळाही नावं सांगा. आणि मागे टेहळणीला कोण आहे?”

तो नावं सांगतो, तुम्ही लिहून घेता.

“वारा कसा आहे?”

“आता पडलाय जी. पण मावळतीकडून उठंल असं वाटते.”

“मग सोडा. ब्लोअर बंद करा, नाल्यापलीकडे या, मोजा आणि मला कळवा.”

“थोडीच राहिली जी. दहा मिनिटात विझवतो.”

“दहा मिनिटं नकोत. निघा.”

हा हुकूम देणं अवघड असतं. समोर जंगल जळतंय, विझवायला गेलेला माणूस विझवू म्हणतोय, उद्या कुणीतरी विचारणार की इतके हेक्टर का जळू दिले. तरी तो द्यायचा असतो. आणि तो ऐकला जावा, यासाठीची सोय फेब्रुवारीतच झालेली असावी लागते. प्रत्येक पथकात एक जण फक्त वारा आणि धूर पाहणारा, हातात कुठलंही साधन नसलेला. ब्लोअरवाल्याच्या पाठीशी एक जोडीदार, खांद्यावर हात ठेवून हाक पोहोचवणारा. निसटायची वाट सकाळीच चालून पाहिलेली. मजुराच्या पायात धड बूट, अंगावर आगीत न वितळणारे कपडे, नावावर विमा.

आणि गाव सोबत हवं. 1927 च्या वन कायद्याचं कलम 79 जंगलावर हक्क असलेल्यांना आग विझवायला मदत करणं बंधनकारक करतं. पण बंधनानं माणूस येतो, मनानं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेला वनहक्क मिळाला, तेव्हा तेंदूपत्त्यासाठी झाडं छाटली जातात आणि जंगल पेटवलं जातं म्हणून तिनं तो तोडणंच बंद केलं. उत्पन्न सोडलं, जंगल राखलं. हुकूम कुणी काढला नव्हता. जंगल आपलं आहे हे कागदावर आल्यावर माणसं स्वतः राखणीला उभी राहिली. तुमच्या जिल्ह्यातला पहिला धूर दिसेल तो कॅमेऱ्याला नाही, मोहाखाली बसलेल्या बाईला. तिनं फोन करावा असं वाटत असेल, तर त्या फोनमुळे तिच्यावर गुन्हा दाखल होणार नाही, हा भरवसा तिला आधी द्यावा लागेल.

कक्षातल्या नोंदवहीत आगीचं ठिकाण, वेळ, जळालेलं क्षेत्र असे रकाने असतात. तुम्ही त्यात आणखी दोन आखा: आगीवर गेले किती, परत आले किती. दोन्हींचा आकडा जुळेपर्यंत ती आग विझली असं लिहू नका, मग धूर थांबून कितीही वेळ झालेला असो. नागपुरात देशाला आग विझवायला शिकवणाऱ्या संस्था आहेत, राज्याच्या वनखात्याची धुरा आहे. ही रीत पाडायला याहून योग्य शहर दुसरं नाही.