कलावंताचा हेतू व कलाकृतीचा अर्थ

कलावंताला जे म्हणायचे होते तोच कलाकृतीचा अर्थ मानावा, की कलाकृतीत जे आढळते तो, हा सौंदर्यशास्त्रातील व समीक्षेतील जुना वाद. भारतीय परंपरेत तो वेगळ्या वाटेने आला. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय. कर्ताच नाही म्हटल्यावर त्याचा हेतू कुणाला विचारणार? म्हणून उपक्रम-उपसंहार, अभ्यास (म्हणजे पुनरुक्ती), अपूर्वता, फल, अर्थवाद व उपपत्ती या ग्रंथातल्याच खुणांवरून तात्पर्य ठरवण्याची पद्धत रूढ झाली. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) तीच कसोटी गीतेला लावली. नैयायिकांना मात्र तात्पर्य म्हणजे वक्त्याची इच्छा. ‘सैंधव आण’ असे जेवताना म्हटले तर मीठ, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा.

पाश्चात्त्य समीक्षेत विमसॅट व बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये हेतूवर बोट ठेवले: कवीचा हेतू बहुधा हाती लागत नाही, आणि लागला तरी कवितेचे मोल ठरवायला तो उपयोगी नाही. पुढे रोलाँ बार्थने लेखकाच्या मृत्यूचीच घोषणा केली. इ. डी. हर्श यांनी ‘व्हॅलिडिटी इन इंटरप्रिटेशन’मध्ये (१९६७) उलट बाजू लढवली: लेखकाला अभिप्रेत असलेला अर्थ स्थिर असतो, बदलते ते वाचकाला वाटणारे महत्त्व. उपरोध ओळखायचा तर हर्श यांचे म्हणणे सहज झटकता येत नाही.

मराठीत या वादाचे ठळक उदाहरण विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२). नाना फडणविसांची व ब्राह्मणांची बदनामी केल्याचा आरोप झाला. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे तेंडुलकरांचे म्हणणे होते. गंमत अशी की विरोधकांनाही हेतूच महत्त्वाचा वाटत होता. लेखकाने सांगितलेला हेतू खोटा ठरवून त्याजागी त्यांनी दुसरा बसवला, एवढेच. प्रयोगाकडे पाहावे तर ओळीने उभा राहणारा ब्राह्मणांचा मानवी पडदा आणि कीर्तनाला खेटून येणारी लावणी यांतून सत्ता व धर्माचार यांचे साटेलोटे उघड होते. त्यासाठी लेखकाच्या ग्वाहीची गरज पडत नाही. पण नाना, घाशीराम, पुणे ही नावेही नाटकाच्या आतलीच आहेत आणि ती प्रेक्षकाला पेशवाईत नेतात. त्यामुळे तेंडुलकरांचा खुलासा हेही नाटकाचे एक वाचनच ठरते. ते जाणकाराचे आहे खरे, पण संहितेशी ताडून पाहण्यातून त्याचीही सुटका नाही.